बल्ब सारखे उडतायत? डायनामोला बॅटरी समजणं सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुन्या सायकलला टायरवर घासणारा डायनामो आहे, पुढे एक बल्ब, मागे छोटा लाल बल्ब, आणि दर थोड्या दिवसांनी कधी एक कधी दोन्ही उडतात. आता एलईडी लावायचाय, पण कुणी म्हणतं हब डायनामो (चाकाच्या मधोमध ॲक्सलभोवती बसणारा) घे, कुणी म्हणतं डायनामोच काढून टाक आणि चार्जिंगचा दिवा लाव. शिवाय फोन चार्ज होईल का, सायकल जड किती होईल, आणि घरात पडलेला फार जुना हब डायनामो उघडून साफ केला तर चालेल का.

मी बरीच वर्षं सायकली दुरुस्त करतोय आणि त्यातला चिक्कार वेळ दिव्यांच्या वायरी हुडकण्यात गेलाय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. पण एक गोष्ट डोक्यात बसली ना की तुमचे चार प्रश्न एकाच ठिकाणी सुटतात, म्हणून आधी तीच सांगतो.

डायनामोवर ६ व्होल्ट ३ वॅट लिहिलेलं असतं आणि आपण समजतो की हा ६ व्होल्टचा सप्लाय आहे, बॅटरीसारखा. इथेच सगळी गडबड होते. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी, दाब ठरलेला, नळ जितका उघडाल तितकं पाणी. डायनामो टाकी नाही, तो पिस्टनचा पंप आहे. तो ठरावीक करंट ढकलणार, साधारण अर्धा अँपियर, आणि पुढे जे काही जोडलंय त्यातून तो करंट जायला जेवढा व्होल्टेज लागेल तेवढा तो तयार करणार, अर्थात चाक तेवढं जोरात फिरत असेल तर. पंपाचं तोंड दाबून धरलंत तर दाब चढत जातो आणि कुठेतरी फुटतं, तसंच.

असं का होतं? नाव डायनामो असलं तरी आत लोहचुंबक फिरतो आणि कॉइल स्थिर असते, म्हणजे खरं तर तो एसी, सतत दिशा बदलणारा करंट देणारा जनरेटर आहे, बॅटरीसारखा एकाच दिशेचा डीसी नाहीच. वेग वाढला की तयार होणारा व्होल्टेज वाढतो, बरोबर, पण एसीची फ्रिक्वेन्सीही त्याच प्रमाणात वाढते, आणि कॉइलचा स्वतःचा इंडक्टन्स त्या फ्रिक्वेन्सीला जो अडथळा करतो तोही त्याच प्रमाणात वाढतो. वर वाढलं, खाली वाढलं, भागाकार तोच. म्हणून एका वेगाच्या वर करंट जवळजवळ सपाट होतो. नियंत्रण करणारं एकही सर्किट नाही, निव्वळ तांब्याची तार आणि चुंबक, आणि तरी करंट आपोआप आवरला जातो. मला अजूनही हे भारी वाटतं. हे ज्यांनी आखलं त्यांनी बल्बचा हिशोब घालूनच आखलंय, १५ किमी वेगाला १२ ओहमचा लोड, म्हणजे जोडलेले दिवे, असेल तर ०.५ अँपियर आणि ६ व्होल्ट, म्हणजे ३ वॅट.

आता तुमचे बल्ब. पुढचा २.४ वॅट, मागचा ०.६ वॅट, दोन्ही समांतर जोडलेले. पुढचा ०.४ अँपियर घेतो, मागचा ०.१, बेरीज ०.५, हिशोब चोख. समजा मागचा बल्ब गेला, खड्ड्यात आपटून गेला, जुना होता म्हणून गेला, काहीही. तुम्हाला कळत पण नाही कारण तो मागे आहे. पण पंप तर अर्धा अँपियर ढकलणारच, आता तो सगळा पुढच्या एकट्या बल्बमधून. १५ ओहमच्या बल्बमधून ०.५ अँपियर म्हणजे साडेसात व्होल्ट, जवळजवळ पावणेचार वॅट. बल्ब मस्त पांढरा चमकतो, आपण खूश, आज काय उजेड आहे राव, आणि पुढच्या उतारावर तो पण फट्. उलटं झालं तर आणखी वाईट, पुढचा आधी गेला तर मागच्या ०.१ अँपियरवाल्या बिचाऱ्यातून पाचपट करंट, तो त्याच सेकंदाला जातो. म्हणून लोक म्हणतात दोन्ही एकदम उडाले, डायनामो जास्त पॉवर देतोय. डायनामो जास्त काही देत नाही, वाटेकरी एक कमी झालाय एवढंच.

आणि बल्ब उडायलाच हवा असं पण नाही. मागच्या वायरीचा कॉन्टॅक्ट लूज असला, आदळआपट झाली की क्षणभर सुटतो परत लागतो, तरी दर वेळी पुढच्याला तडाखा बसतोच. त्यामुळे सारखे बल्ब उडत असतील तर बल्ब बदलण्याआधी मागची वायर बघा, नंतर बाकीचं. अजून एक, बल्बवर काय लिहिलंय ते भिंग लावून वाचा. टॉर्चचा बल्ब त्याच आकाराचा असतो, होल्डरमध्ये बसतो, पण त्याचा करंट वेगळा, मग सगळी वाटणी बिघडते. काही दिव्यांमध्ये झेनर डायोड असतो जो साताच्या आसपास व्होल्टेज दाबून धरतो, तो असला तर बल्ब वाचतात. तो स्वतः गेला तर बाहेरून काहीच कळत नाही.

आता वायरिंगचं बोलतो, कारण माझ्याकडे "डायनामो बंद पडला" म्हणून आलेल्या बहुतेक सायकलींचा डायनामो ठणठणीत असतो. जुन्या पद्धतीत एकच वायर ओढलेली असते, परतीचा रस्ता सायकलच्या सांगाड्यातून. डायनामोच्या क्लॅम्पमध्ये एक टोकदार स्क्रू असतो, तो रंग फोडून लोखंडाला भिडायला पाहिजे. तो भिडतो, मग पाऊस, मग गंज, मग कुणीतरी सायकल रंगवतो आणि संपलं. पुढच्या दिव्याचंही तसंच, परतीचा करंट दिव्याच्या पट्टीतून पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, चिमट्यातून हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यात वळतं त्या सांध्याच्या, ग्रीस माखलेल्या छऱ्यांमधून सांगाड्यात, मागचा मडगार्डवर असेल तर मडगार्डच्या बोल्टातून. हँडल वळवलं की दिवा लुकलुकतो, अशी तक्रार आली की डोळे झाकून अर्थिंग समजायचं. त्याच्यावर खरा इलाज एकच, दोन वायरी ओढायच्या, सांगाड्याच्या भरवशावर राहायचंच नाही. वायर फार जाड लागत नाही, अर्धा अँपियर तर करंट, अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन येऊन चार मीटर धरली तरी ०.०७ व्होल्टच्या आसपास खाते. जाडी बघायची ती करंटसाठी नाही, ओढ आणि वाक सहन व्हावा म्हणून, त्यामुळे पुष्कळ बारीक तारांची लवचिक वायर घ्या, एकाच जाड तारेची नको, ती हँडलपाशी वाकून वाकून आतल्या आत तुटते आणि वरून प्लास्टिक धडधाकट दिसतं. हँडलजवळ थोडी ढील ठेवा, जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) घाला, नुसती चिकटपट्टी उन्हात सुटते.

तपासायची सोपी पद्धत सांगतो. पेन्सिल सेल चार एका रांगेत, झाले ६ व्होल्ट. डायनामोची वायर काढायची आणि तिथे हे सेल लावायचे. दिवे पेटले तर दिवे आणि वायरी ठीक, दोष डायनामोकडे. नाही पेटले तर डायनामोला शिव्या देणं थांबवा. एलईडीचा डायनामोवाला दिवा पण असा तपासता येतो, त्यात आत ब्रिज, म्हणजे एसीचं डीसी करणारे चार डायोड, असतो त्यामुळे प्लस मायनस कुठेही लावा, फक्त अंधारात आपोआप पेटणारा सेन्सर असेल तर स्विच चालूवर ठेवा, नाहीतर दुपारी तपासत बसाल आणि दिवा मेला म्हणून फेकून द्याल (हे मी केलंय). आणि डायनामो तपासायचा तर मल्टिमीटर एसीवर ठेवून चाक हाताने फिरवा, काहीही जोडलेलं नसताना चांगले काही व्होल्ट दिसले पाहिजेत, डीसीवर ठेवलात तर शून्य दिसेल आणि उगाच घाबराल.

एक गैरसमज इथेच मोडतो, वायरी एकमेकांना चिकटल्या, शॉर्ट झाला, म्हणून डायनामो जळत नाही. करंट आधीच आवरलेला असतो ना. दिवे बंद होतात, बाकी काही होत नाही. शॉर्टला घाबरू नका, घाबरायचं असेल तर उघड्या टोकांना घाबरा, ते पुढे येतंय.

टायरवाला डायनामो ठेवणार असाल तर बसवताना एक गोष्ट जीव लावून करा, त्याची दिशा. डायनामोच्या मधल्या दांड्याची रेषा मनात पुढे वाढवली तर ती बरोबर चाकाच्या ॲक्सलच्या मध्यातून गेली पाहिजे. एक सरळ काडी किंवा दोरा धरून बघा. थोडी जरी तिरकी असली तर रोलर नुसता फिरत नाही, टायरला खरवडतो, आवाज करतो, टायरची कड खातो आणि पायाला जड लागतो. लोक जे म्हणतात ना डायनामो लावला की सायकल चढावर असल्यासारखी वाटते, त्यातला बराच भाग तिरक्या बसवलेल्या डायनामोचा असतो. रोलर टायरच्या बाजूच्या पट्ट्यावर टेकायला हवा, काही टायरवर त्यासाठी मुद्दाम खरखरीत पट्टा दिलेला असतो, रिमवर नको आणि वरच्या नक्षीवर पण नको. पावसात घसरतो ही तक्रार खरी आहे, ओल्या टायरवर लोखंडी रोलर गुळगुळीत झालेला असला तर फिरतच नाही, त्याच्यावर रबराची टोपी घाला, नाहीतर रोलरच्या खाचांतला चिखल तारेच्या ब्रशने काढा. स्प्रिंग अजून घट्ट करणं हा उपाय नाही, त्याने फक्त टायर लवकर जातो. आणि क्लॅम्पचा बोल्ट अधूनमधून आवळत जा. ढिला झालेला डायनामो वळून पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेला तर चाक जागच्या जागी थांबतं आणि तुम्ही थांबत नाही.

हा छोटासा रोलर किती पळतो बघा. व्यास धरा २२ मिलिमीटर, १५ किमी वेगाला मिनिटाला जवळपास ३६०० फेरे. एवढ्या वेगाने फिरतो म्हणून त्याला थोडे चुंबकी ध्रुव पुरतात, साधारण आठ. हब डायनामो मात्र चाकाबरोबरच फिरतो, त्याच वेगाला सेकंदाला फक्त दोन फेरे, म्हणून त्यात २६ किंवा २८ ध्रुव ठासलेले असतात. याचा एक परिणाम दिसतो, हब डायनामोवर पायी चालायच्या वेगाला दिवा फडफडतो. २८ ध्रुव म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात एसीची १४ आवर्तनं, ताशी ५ किमीला सेकंदाला नऊच्या आसपास, डोळ्याला फडफड दिसणारच. वेग घेतला की जाते, बिघाड नाही.

मग हब घ्यावा का? रोज अंधारात चालवत असाल, तुम्ही लिहिलंय जाऊन येऊन तास दीड तास, तर माझं मत स्पष्ट आहे, घ्या. पाऊस, चिखल, टायर, कशाशी संबंध नाही, आवाज नाही, चालू आहे की बंद हे पायाला कळतसुद्धा नाही, बरेच लोक दिवसापण चालूच ठेवतात. महिन्यातून दोनदा रात्री चालवत असाल तर नका घेऊ, चार्जिंगचा दिवा बास झाला. कारण हब म्हणजे पुढचं चाक पूर्ण उकलून पुन्हा आरे भरायचे, किंवा तयार चाकच घ्यायचं, आणि वजन मॉडेलप्रमाणे ४०० ते ७०० ग्रॅम. चाकाचा आकार सांगून घ्या, छोटं चाक त्याच वेगाला जास्त फिरतं, त्यामुळे २० इंची चाकासाठी आणि मोठ्या चाकासाठी वेगळे हब येतात.

हे नवीन फॅड पण नाही. स्टर्मी-आर्चरचा डायनोहब १९३६ चा. पुढे बाटलीवाल्या, म्हणजे टायरवर घासणाऱ्या डायनामोने बाजार खाल्ला, कारण तो स्वस्त आणि कुठल्याही सायकलला चिकटवता येतो, आणि मग नव्वदच्या दशकात जर्मनीत विल्फ्रीड श्मिट यांचा हब आला, शिमानोचेही आले, तिथून हबचे दिवस परत फिरले. जर्मनीत तर रस्त्यावरच्या बहुतेक सायकलींना २०१३ पर्यंत डायनामो सक्तीचाच होता, मग कायद्याने बॅटरीच्या दिव्यांना मोकळीक दिली. आज डायनामोचे चांगले दिवे बहुतेक तिकडच्या नियमाला धरून बनलेले असतात, म्हणून त्यांचा झोत गाडीसारखा वरून कापलेला असतो, उजेड रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. चार्जिंगचे बरेच स्वस्त दिवे ना, गोल झोत फेकतात, निम्मा उजेड झाडांना.

जडपणाचा हिशोब आकड्यात करूया कारण या विषयावर नुसती मतं फार आहेत. चांगला हब ३ वॅट वीज द्यायला पायाकडून साधारण ५ वॅट घेतो. टायरवाला ८ ते १० घेतो, रबर दाबण्यात आणि घसरण्यात बाकीचे जातात. निवांत २० किमीने चालवताना तुम्ही ७५ वॅटच्या आसपास लावता. तुमचं आणि सायकलचं मिळून वजन ९० किलो धरलं तर ५ वॅट म्हणजे दर किलोमीटरला एक मीटर चढ, टायरवाल्याला दोन मीटर. बस एवढंच. वेगात ताशी अर्धा किमीचा फरक पडेल हबने, टायरमध्ये हवा कमी असली तर याच्यापेक्षा जास्त जातो आणि त्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. दिवे बंद असताना हब एखादा वॅट खातो.

दुकानात लोक हब हातात धरून ॲक्सल फिरवतात, तो टक टक अडत फिरतो, आणि म्हणतात बापरे केवढा जड. तो अडखळणं म्हणजे चुंबक कॉइलच्या लोखंडी दातांना ओढतो ते. पण पुढच्या दाताकडे जाताना तोच चुंबक पुढे खेचतो पण, जे घेतलं त्यातलं बहुतेक परत देतो. चाकात बसवून टायर चढवला की त्या वजनात हे अडखळणं विरघळून जातं. हातात फिरवून हब पारखू नका.

आता एलईडी. सुरुवातीला पंपाचं सांगितलं त्याचा इथे खरा फायदा. बॅटरीवर एलईडी लावायचा तर करंट आवरायला सर्किट लागतं, नाहीतर एलईडी जळतो. डायनामोवर ते आवरायचं काम डायनामोच करतो. चार डायोडचा ब्रिज लावायचा, एसीचं डीसी करायला, आणि त्याच्यापुढे दोन पॉवर एलईडी एका रांगेत. पांढरा एलईडी ३ व्होल्टच्या आसपास घेतो, दोन म्हणजे ६, अर्ध्या अँपियरने ३ वॅट. झालं सर्किट. एलईडी एक अँपियर सहन करणारे घ्या, खाली ॲल्युमिनियमचा तुकडा उष्णता ओढायला. डायोड मात्र शॉट्की घ्या. साधा सिलिकॉन डायोड ०.७ व्होल्ट खातो आणि एका वेळी दोन डायोडमधून करंट जातो, म्हणजे १.४ व्होल्ट नुसतेच गरम व्हायला, तुमच्या ६ मधले. शॉट्कीला निम्म्याच्या आसपास.

आणि गंमत पुढे आहे. करंट ठरलेला आहे म्हटल्यावर जास्त पॉवर कशी काढायची? व्होल्टेज वाढवून. चार एलईडी रांगेत लावा, १२ व्होल्ट गुणिले अर्धा, ६ वॅट, त्याच ३ वॅट लिहिलेल्या डायनामोतून. फुकट नाही हां, पाय तेवढं जास्त देतात, आणि चार एलईडी पेटायला वेग पण साधारण दुप्पट लागतो, हळू चालवताना अंधार. म्हणून ज्यांना उतारावर लखलखाट हवा ते लोक स्विच ठेवतात, हळू असताना दोन, जोरात असताना चार. तुमच्या गावातल्या फेऱ्यांना याची गरज नाही, दोन पुरे, पण माहीत असावं.

एलईडीला आधी सांगितलेला उडण्याचा रोग नाही, कारण पुढचा दिवा अर्धा अँपियर एकटा पचवू शकतो. पण अर्धं जुनं अर्धं नवं करू नका, पुढे एलईडी आणि मागे जुना ०.६ चा बल्ब, किंवा उलटं. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे मागे नाजूक एलईडी आणि पुढे बल्ब, पुढचा बल्ब गेला की मागच्यावर सगळा भार. दोन्ही बदला, आणि मागचा दिवा पुढच्या दिव्याच्या मागे जी दोन टोकं दिलेली असतात तिथूनच घ्या, थेट डायनामोवरून नको, पुढच्या दिव्यातलं संरक्षण मग मागच्यालाही मिळतं.

सिग्नलला थांबलं की अंधार ही जुनी तक्रार, त्याच्यावर सुपरकपॅसिटर, थोडी वीज साठवून ठेवणारा भाग. १ फॅरडचा, ५.५ व्होल्टचा, नाण्याएवढा येतो. समजा ५ व्होल्टपर्यंत भरला आणि अडीचपर्यंत उतरू दिला तर अडीच कूलंब मिळाले, मागचा लाल एलईडी १० मिलिअँपियरवर चार मिनिटं जळतो. थांबलेल्या सायकलला पाठीमागून दिसायला तेवढं बास. तयार दिव्यांत हे आतच असतं, दिवा घेताना थांबल्यावर जळत राहतो का एवढं विचारा. मागच्यात तरी हवंच.

आता ती उघड्या टोकांची गोष्ट. मी पहिल्यांदा घरी सर्किट केलं तेव्हा उजेड थरथरू नये म्हणून ब्रिजनंतर एक कपॅसिटर लावला, १६ व्होल्टचा, म्हटलं ६ व्होल्टच्या डायनामोला १६ म्हणजे भरपूर झाला. आणि दिव्याचा स्विच लावला कपॅसिटरच्या पुढे. दिवसा दिवा बंद करून लांब उतार उतरत होतो, मांडीखाली, म्हणजे सीटखालच्या डबीत, फट् असा आवाज आला आणि वास. लोड काहीच नाही, पंपाचं तोंड बंद, वेग जोरात, डायनामोचा व्होल्टेज चढत चढत १६ च्या कितीतरी वर गेला आणि कपॅसिटर फुटला. स्विच ब्रिजच्या आधी, एसी बाजूला पाहिजे होता, किंवा निदान व्होल्टेज दाबून धरणारा झेनर. तेव्हापासून काहीही जोडायच्या आधी मी स्वतःला विचारतो की लोड सुटला तर काय होईल.

फोन चार्जिंगचं उत्तर यातच दडलंय. हो, होतं. पण ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर (व्होल्टेज बांधून ठेवणारा) लावून करू नका, जागोजागी हीच आकृती फिरत असते. तो इनपुटला ३५ व्होल्टपर्यंतच तग धरतो. फोन भरला, त्याने करंट घेणं बंद केलं, तुम्ही उतारावर आहात, म्हणजे माझ्या कपॅसिटरचीच गोष्ट, फक्त यावेळी पलीकडे फोन आहे. डायनामोसाठीच बनवलेलं तयार चार्जर घ्या. आणि अपेक्षा माफक ठेवा, १५ ते २० किमीने चालवताना रूपांतराचा खर्च जाऊन दोन अडीच वॅट हाती येतात, फोनची बॅटरी साधारण १५ वॅट-तासाची, म्हणजे दिवसभर चालवलीत तर एक फोन. तुमच्या तास दीड तासात फारतर वीस पंचवीस टक्के. वेग कमीजास्त झाला की चार्जिंग सुटतं लागतं, काही फोन त्याने वैतागतात, दर वेळी स्क्रीन पेटवतात आणि मिळालेलं त्यातच घालवतात, म्हणून मध्ये छोटी पॉवरबँक ठेवतात, आधी ती भरायची, तिच्यावरून फोन. अशी पॉवरबँक घ्या जी भरता भरता देऊही शकते, सगळ्यांना ते जमत नाही. दिवे आणि चार्जिंग एकाच वेळी मागू नका, तीन वॅटमध्ये दोघांचं पोट भरत नाही. लांबच्या सफरीला जाणाऱ्यांना याचा उपयोग आहे, रोज घरी परत येणाऱ्याने फोन भिंतीतल्या प्लगवरच चार्ज करावा.

हब लावलात तर जोडताना एक लक्षात ठेवा, काही हबमध्ये एक टोक आतून ॲक्सलला, म्हणजे सांगाड्याला जोडलेलं असतं. दिव्याचंही एक टोक त्याच्या पट्टीला जोडलेलं असेल आणि तुम्ही वायरी उलट लावल्यात तर सांगाड्यातून शॉर्ट होतो, दिवा मुका. एसी आहे, उलटसुलट चालतं, असं म्हणून लोक तासभर शोधत बसतात. वायरी अदलाबदल करून बघा, जळणार तर काही नाहीच.

राहिला घरातला जुना हब. उघडू नका. जुन्या डायनोहबच्या काळातले चुंबक आजच्यासारखे हट्टी नव्हते, कॉइलच्या लोखंडी गाभ्यातून चुंबकाचं कडं नुसतं बाहेर काढलं तरी त्याची ताकद बऱ्यापैकी उतरते, आणि परत बसवल्यावर ती येत नाही, दिवा कायमचा मिणमिणता. काढायचंच तर लोखंडी कडं बरोबर जोडून, दोघांच्या मध्ये फट न पडू देता, एकातून दुसऱ्यात सरकवत काढतात. नवीन हबमध्ये ही भीती नाही पण दुसरी आहे, ॲक्सलच्या खाचेतून कॉइलची बारीक तार बाहेर येते, नट सोडताना ॲक्सल फिरला की ती पिळवटून तुटते, एक हब मी असाच घालवलाय, तोही दुसऱ्याचा. तुमचा जुना हब लटपटत नसेल, बेअरिंगचा आवाज येत नसेल, तर बाहेरून बेअरिंगपाशी दोन थेंब तेल सोडा, टर्मिनल पॉलिश पेपरने घासा, चाकात असेल तर हाताने जोरात फिरवून मल्टिमीटर लावा. व्होल्ट दिसले तर तो पेटवणार. जुने हब दीड दोन वॅटचेच असायचे, पुढे २.४ चा बल्ब लावाल तर पिवळट दिसेल, त्याला एक एलईडी द्या, रांगेत दोन नको, आणि मग बघा.